गुळगुळीत पानांवरची घरे

मिलानमध्ये १९२८ साली जिओ पोंती यांनी सुरू केलेले ‘डोमस’ किंवा तसलेच एखादे परदेशी वास्तुकलेचे मासिक चाळण्यात मोठे सुख आहे. खिडकी, जिना, उजेड यांच्याकडे नव्याने पाहण्याची नजर त्यातून मिळते. पण त्यातले सपाट छपराचे, काचेचे घर जसेच्या तसे इगतपुरीत आणले तर? इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. मग स्लॅब गळू लागतो आणि त्यावर पत्रे चढतात. उतरते कौलारू छप्पर, रुंद वळचण, पडवी ही इथल्या हवेने शिकवलेली वास्तुकला. परदेशी माणसाने आपल्या हवेशी कसे जुळवून घेतले, हे मासिकांतून जरूर पाहावे. बंगला बांधणाऱ्यांनी मात्र नकाशा काढण्याआधी इथला एक पावसाळा अनुभवावा.