पूर दैवाचा की व्यवस्थेचा?

वाचकहो, अमळनेरला वैशाखात बोरी नदीच्या कोरड्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. पावसाळ्यात तीच बोरी दुथडी वाहू लागली की काठच्या झोपडीतला डोळा रात्रभर मिटत नाही. याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावी, ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर व डोंगरी नद्यांचे पाणी घरादारांत शिरले, गुरे वाहून गेली. अशा वेळी पुढारी येतात, धान्य वाटतात आणि दैवाला दोष देऊन परततात!

आम्ही विचारतो, उंचावरची जागा सोडून पात्राशेजारी कोणी आपखुशीने राहतो काय? ज्याला गावाने जागा नाकारली, तोच पाण्याच्या वाटेवर चूल मांडतो. शासन म्हणते, निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम निषिद्ध. नियम योग्यच आहे. परंतु रेषेबाहेर जागा कोण देणार? अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. पण घरकुलास आधी स्वतःची जागा हवी. म्हणजे ज्याला जमीन नाही त्याला घर नाही, आणि ज्याला घर नाही त्याच्या वाट्याला पूर!

१९४५ साली कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी बोलताना डॉ. बाबासाहेबांनी पुराचे पाणी म्हणजे केवळ संकट, हा समज खोडून काढला व ते साठवून कामी लावण्याचा मार्ग दाखविला. पुराला उत्तर नवस नव्हे, योजना!

तेव्हा बांधवांनो, धान्याच्या पिशवीवर समाधान मानू नका. पूररेषेबाहेरील जागेचा, आपल्या नावाचा उतारा मागा. ती भीक नव्हे, हक्क आहे.