तापमान न नोंदलेला वेग

पुण्याच्या सी-डॅकमधील ‘ऐरावत’ हा महासंगणक २०२३ साली ‘टॉप ५००’ यादीत ७५व्या स्थानी आला. बातम्यांत १३,१७० टेराफ्लॉप्सचा आकडा झळकला. क्रमांक मात्र ठरला प्रत्यक्ष मोजलेल्या सुमारे ८,५०० टेराफ्लॉप्सवर. पहिला आकडा हा कोअरची संख्या, क्लॉक स्पीड आणि प्रत्येक चक्रातील गणनक्रिया यांचा कागदावरचा गुणाकार. तफावतीला तापमान हे एकमेव कारण नव्हे. मेमरी आणि कोअरमधील देवाणघेवाण यांचाही त्यात वाटा असतो. पण न मोजलेला आकडा मिरवण्याची सवय तिथूनच खाली झिरपते.

भिलाईच्या स्मृति नगरात मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो. तिथल्या खोलीत लॅपटॉपवर तासभर चाललेले सिम्युलेशन जानेवारीतल्याइतक्याच वेळात संपेल, हे कशाच्या आधारे मानायचे? अनेक इंटेल प्रोसेसर १०० अंशांच्या मर्यादेला भिडताच स्वतःहून क्लॉक उतरवतात. विद्यार्थ्यांच्या अहवालांत तरीही खोक्यावर छापलेले गिगाहर्ट्‌झच उतरतात. मग ‘नवा अल्गोरिदम ३० टक्के वेगवान’ या दाव्यात अल्गोरिदमचा वाटा किती आणि पंख्याचा किती? ज्या गावात झोतभट्टीचे तापमान क्षणोक्षणी नोंदले जाते, तिथे तरी हा प्रश्न अनोळखी असू नये.

सॉफ्टवेअर बसवले, आकडा दिसला, एवढ्याने मोजमाप होत नाही. इंटेलच्या चिपमधील संवेदक मुळात मर्यादेपासूनचे अंतर सांगतो. मर्यादेजवळ तो विश्वासार्ह, थंड चिपवर ढोबळ. २०१७ मध्ये एएमडीचा रायझन १८००एक्स प्रत्यक्षाहून २० अंश अधिक दाखवत असे. ती वाढ पंख्याच्या नियंत्रणासाठी मुद्दाम ठेवलेली होती आणि कंपनीने तसे जाहीरही केले; जाहीर निवेदने वाचतो कोण, हा भाग वेगळा. क्लॉकचे क्षणिक वाचन तर अधिकच फसवे. लिनक्सवरील ‘टर्बोस्टॅट’ प्रोसेसरमधील ‘एपर्फ’ आणि ‘एमपर्फ’ या गणकांच्या गुणोत्तरावरून ठरावीक कालखंडाची सरासरी देते, म्हणून ते ग्राह्य. तेही अतिशय थोड्या अंतराने चालवले, तर निद्रिस्त कोअर जागे होतात आणि मोजायची अवस्थाच बदलते.

प्रकल्पाच्या तक्त्यात वेगाशेजारी खोलीचे तापमान, चिपचे कमाल तापमान आणि चाचणीभरचा सरासरी क्लॉक हे तीन रकाने असावेत. ते रिकामे आढळल्यास परीक्षकाने वेगाचा रकाना सरळ खोडावा.