ऑक्टोबरचा गुणतक्ता किती खरा?

इंग्लंडमधील फुटबॉलचा मोसम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत प्रत्येक क्लबचे पाठीराखे आपापला निकाल लावून मोकळे झालेले असतात. तीन विजय मिळाले की विजेतेपदाची भाषा सुरू होते, तीन पराभव झाले की प्रशिक्षकाच्या हकालपट्टीची. प्रीमियर लीगमध्ये प्रत्येक संघाला ३८ सामने खेळावे लागतात. नऊ-दहा सामने म्हणजे जेमतेम चतुर्थांश मोसम. एवढ्या भांडवलावर भविष्य वर्तवण्याची हौस किती महाग पडू शकते, हे लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्परच्या चाहत्यांइतके क्वचितच कोणी अनुभवले असेल. कारण या क्लबने दोन्ही प्रकारच्या सुरुवाती पाहिल्या आहेत.

पहिली २००८ सालची. त्या वर्षी फेब्रुवारीत युआंदे रामोस यांच्या मार्गदर्शनाखाली टॉटनहॅमने चेल्सीला हरवून लीग कप जिंकला होता. उन्हाळ्यात मात्र रॉबी कीन लिव्हरपूलला आणि दिमितार बर्बातोव्ह मँचेस्टर युनायटेडला विकले गेले. गोल करणारी जोडीच गेल्यावर जे व्हायचे तेच झाले. पहिल्या आठ सामन्यांत अवघे दोन गुण, गुणतक्त्यात तळाचे स्थान आणि ऑक्टोबरअखेर रामोस यांची गच्छंती. त्याच महिन्यात टॉटनहॅमला त्यांच्याच मैदानावर १-० असे हरवून गेला होता हल सिटी. स्थापनेनंतर १०४ वर्षांनी प्रथमच सर्वोच्च श्रेणीत आलेल्या या संघाने त्याआधी आर्सेनललाही त्यांच्या घरी २-१ असे नमवले होते. नऊ सामन्यांअखेर हलच्या खात्यात २० गुण होते, टॉटनहॅमच्या खात्यात पाच.

उरलेल्या २९ सामन्यांत टॉटनहॅमने ४६ गुण मिळवले, हलने फक्त १५. हॅरी रेडनॅप यांनी जानेवारीत जर्मेन डिफो आणि विल्सन पालासिओस यांना आणले, पाठोपाठ कीनलाही परत बोलावले आणि संघ ५१ गुणांसह आठवा आला. हलने जानेवारीत क्लबच्या इतिहासातील विक्रमी रक्कम मोजून जिमी बुलार्डला घेतले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि तो उर्वरित मोसमाला मुकला. त्यापूर्वीच, २६ डिसेंबरला मँचेस्टर सिटीविरुद्ध मध्यंतरापर्यंत दाणादाण उडाल्यावर प्रशिक्षक फिल ब्राऊन यांनी खेळाडूंना ड्रेसिंग रूममध्ये न नेता मैदानावरच, प्रवासी पाठीराख्यांसमोर बसवून फैलावर घेतले होते. हा प्रकार पुढे बराच गाजला. संघाची घसरण त्याने झाली की घसरण आधीच सुरू झाली होती, याबद्दल मतभेद आहेत. नंतरच्या मोसमात हलला लीगमध्ये केवळ एक विजय मिळाला, एवढे खरे.

म्हणजे ऑक्टोबरमधील गुणतक्ता खोटा होता का? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते अर्धसत्य ठरेल. मे २००९ मध्ये हल ३५ गुणांसह सतराव्या स्थानावर राहिला आणि ३४ गुणांचा न्यूकॅसल खालच्या श्रेणीत गेला. एका गुणाने हल वाचला, तो त्या पहिल्या २० गुणांच्या पुण्याईवर. लीगच्या हिशेबात ऑगस्टचा गुण आणि मेचा गुण यांची किंमत सारखीच असते. चाहत्यांची गल्लत होते ती वेगळ्या ठिकाणी. कमावलेले गुण ते संघाच्या कुवतीचे माप समजतात.

दुसरी सुरुवात २०२३ सालची, आणि तीच अधिक बोलकी आहे. क्लबसाठी विक्रमी २८० गोल करणारा हॅरी केन ऑगस्टमध्ये बायर्न म्युनिकला गेला. नवे प्रशिक्षक अँजे पोस्तेकोग्लू यांच्याकडून कोणाची फारशी अपेक्षा नव्हती. प्रत्यक्षात पहिल्या दहा सामन्यांत आठ विजय, दोन बरोबरी, २६ गुण आणि अग्रस्थान! अनेक वर्षे सावध, कंटाळवाणा खेळ पाहिलेल्या प्रेक्षकांना आक्रमक फुटबॉलचे सुख मिळाले. ते प्रशिक्षकाच्या नावाने गाणी म्हणू लागले, यात नवल नव्हते.

तरीही त्या २६ गुणांचा तपशील तेव्हाच पाहायला हवा होता. त्यातील नऊ गुण बर्नली, शेफील्ड युनायटेड आणि ल्युटन या नव्याने वर आलेल्या तीन संघांविरुद्धचे होते. मोसमाअखेर हे तिन्ही संघ खाली गेले. शेफील्डविरुद्धचे दोन्ही गोल भरपाई वेळेत आले. लिव्हरपूलविरुद्धचा विजय प्रतिस्पर्ध्याचे दोन खेळाडू बाहेर गेल्यावर, त्यांचा एक वैध गोल चुकीने ऑफसाइड ठरल्यावर आणि अखेरच्या क्षणी स्वयंगोल झाल्यावर मिळाला. युरोपीय स्पर्धा नव्हती, लीग कपमधून संघ ऑगस्टमध्येच बाद झाला होता. त्यामुळे पाय ताजे होते आणि दुय्यम फळीची परीक्षाच झाली नव्हती.

ती परीक्षा ६ नोव्हेंबरला झाली. चेल्सीविरुद्ध रोमेरो आणि उडोगी लाल कार्डाने बाहेर गेले. मॅडिसन व व्हॅन डे व्हेन जायबंदी झाले. नऊ खेळाडू उरले असतानाही बचावफळी मध्यरेषेजवळच उभी राहिली आणि सामना १-४ असा गेला. प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत शौर्याचे कौतुक होते हे मान्य. पण तोच डाव पुढेही राबवला जाणार, याची चिंता फार थोड्यांना वाटली. त्या सामन्यासह पाच सामन्यांत टॉटनहॅमने प्रत्येक वेळी पहिला गोल केला आणि मिळवला एकूण एक गुण. उरलेल्या २८ सामन्यांत ४० गुण झाले. ६६ गुणांसह पाचवे स्थान आले. चॅम्पियन्स लीगची पात्रता दोन गुणांनी हुकली.

तेव्हा सुरुवातीची कामगिरी जोखताना गुणसंख्येपेक्षा प्रतिस्पर्धी कोण होते, गोल कसे आले आणि राखीव बाकावर कोण बसले आहे, हे पाहणे अधिक शहाणपणाचे. अर्थात, पाठीराख्याने हिशेबनीसच व्हावे असा आग्रह धरता येत नाही. तिकिटाचे पैसे तो आनंदासाठी मोजतो, आणि २०२३ च्या त्या दहा आठवड्यांचा आनंद खराच होता.

शिवाय फुटबॉल कधी कधी हिशेबालाच तोंडघशी पाडतो. २०२४-२५ च्या मोसमात टॉटनहॅम लीगमध्ये २२ सामने हरला आणि ३८ गुणांसह सतराव्या स्थानावर फेकला गेला. त्याच मोसमात, २१ मे २०२५ रोजी बिल्बाओ येथे मँचेस्टर युनायटेडला १-० असे नमवून संघाने युरोपा लीग जिंकली. २००८ च्या लीग कपनंतर क्लबच्या कपाटात आलेला हा पहिला करंडक. दुसऱ्या वर्षी आपण नेहमीच काही तरी जिंकतो, असे पोस्तेकोग्लू यांनी सप्टेंबरमध्येच सांगितले होते आणि तेव्हा त्यांची चेष्टा झाली होती. अंतिम सामन्यानंतर सोळा दिवसांनी क्लबने त्यांना काढून टाकले. करंडक महत्त्वाचा की सतरावे स्थान, यावर चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले.