जुना रंग खरवडू नका

१८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी ज्या बडोद्यात गायनशाळा सुरू केली, तिथे जुन्या वाद्याचे मोल निराळे सांगायला नको. इलेक्ट्रिक गिटारचेही तसेच. १९३२ साली बाजारात आलेली रिकनबॅकर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी फिरवत वाजवत. आपल्या विचित्रवीणेवर गोटा फिरतो, तशी. १९५८ ते १९६० दरम्यानची गिब्सन लेस पॉल सनबर्स्ट तेव्हा फारशी खपली नाही. आज तिला कोट्यवधी रुपये मिळतात. मात्र ही किंमत टिकते मूळ पिकअप (तारांचा कंप टिपणारा भाग), मूळ रंग आणि मूळ डाखकामावर. घरात जुनी गिटार असेल, तर ती चकचकीत रंगवू नका. जाणत्याला दाखवा आणि वाजती ठेवा.