ईमेल पाठवला, फॉर्मही भरला. पण पोच कुठाय?

गोंदिया : धानाचे चुकारे अडले, फेरफार रखडला, पांदण रस्त्यावर अतिक्रमण झालं. तक्रार करायची कुठं? पूर्वी उत्तर सोपं होतं. अर्जाच्या दोन प्रती काढायच्या, एक आवक टेबलावर द्यायची आणि दुसरीवर शिक्का घेऊन घरी यायचं. आता टेबलावरून सांगितलं जातं, "ऑनलाइन टाका." केशोरीहून गोंदियाला येण्या-जाण्यात अख्खा दिवस घालवणाऱ्या माणसाला हे सोयीचंच आहे. पण ऑनलाइन म्हणजे नेमकं काय? कार्यालयाच्या संकेतस्थळावर दिलेल्या पत्त्यावर ईमेल, की तिथलाच फॉर्म?

जानेवारी 2025 मध्ये राज्य शासनाने कार्यालयांसाठी 100 दिवसांचा सात कलमी कार्यक्रम हाती घेतला. संकेतस्थळ सुधारणं आणि तक्रार निवारण ही त्यातलीच कलमं. त्यामुळे हा प्रश्न फक्त संगणकवाल्यांचा राहिलेला नाही.

ईमेलची वाट

ईमेलचा मोठा फायदा म्हणजे पाठवलेल्या मजकुराची प्रत तारीख-वेळेसह अर्जदाराकडे राहते. सातबारा, पावती, फोटो जोडता येतात. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 4 नुसार इलेक्ट्रॉनिक लेखाला कायदेशीर मान्यता आहे, तर तो कधी पाठवला आणि कधी मिळाला असं मानायचं, ते कलम 13 सांगतं. म्हणजे ईमेल हा काही हवेतला निरोप नव्हे.

अडचणी वेगळ्या आहेत. मोबाइलवर ईमेलच्या लिंकवर टिचकी मारली की ईमेलचं ॲप उघडतं. पण सेवा केंद्रातल्या संगणकावर तसा प्रोग्राम जोडलेला नसेल, तर भलतीच खिडकी उघडते आणि माणूस तिथंच थांबतो. शिवाय बऱ्याच शासकीय संकेतस्थळांवर पत्त्यातल्या चिन्हांऐवजी कंसात ‘ॲट’ आणि ‘डॉट’ हे शब्द इंग्रजीत लिहिलेले असतात. पत्ते गोळा करून फालतू ईमेलचा मारा करणारे प्रोग्राम फसावेत, हा त्यामागचा हेतू. पण फसतो नवखा अर्जदार. तो पत्ता जसाच्या तसा टाकतो आणि ईमेल जातच नाही.

आणि गेला तरी त्याला आवक क्रमांक पडला का, हे अर्जदाराला कळत नाही.

फॉर्मची वाट

फॉर्ममध्ये रकाने ठरलेले असतात. तालुका, गाव, विभाग निवडला की तक्रार योग्य टेबलावर जाण्याची शक्यता वाढते. राज्याचं ‘आपले सरकार’ तक्रार निवारण पोर्टल 2015 पासून सुरू आहे. तिथं तक्रारीला क्रमांक मिळतो आणि त्यावरून पुढं काय झालं ते बघता येतं. केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवरही तसंच. तिथं निपटाऱ्याची मुदत ऑगस्ट 2024 मध्ये 30 दिवसांवरून 21 दिवसांवर आणली गेली.

मात्र प्रत्येक फॉर्म असा नसतो. ‘संपर्क करा’ या पानावरच्या साध्या फॉर्ममध्ये नाव, मोबाइल, मजकूर भरला की "धन्यवाद" एवढंच दिसतं. क्रमांक नाही, प्रत नाही. काय लिहिलं होतं, हे उद्या अर्जदारालाही दाखवता येत नाही. या तिन्हींत सगळ्यात कच्ची वाट हीच.

क्रमांक देणाऱ्या फॉर्मलाही मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. सालेकसा, देवरीच्या जंगलपट्ट्यात रेंज गेली की फॉर्म तिथंच अडतो. मग केंद्रचालकाचाच नंबर टाकला जातो. तक्रार शेतकऱ्याची, पण निरोप जातो केंद्रचालकाच्या मोबाइलवर!

दोन्ही हवेत, पण पोच पाहिजेच

ईमेल चांगला की फॉर्म, हा वाद त्यामुळे अर्धवट आहे. खरा प्रश्न, अर्जदाराच्या हातात काय उरतं? कार्यालयांना यासाठी मोठा खर्च नाही. फॉर्म भरल्यावर मजकुराची प्रत आणि क्रमांक अर्जदाराला आपोआप जावा. आलेल्या ईमेलला आवक क्रमांकासह उत्तर जावं. पत्ता टिचकीने उघडावा आणि शेजारी टेबलाचा फोन नंबरही असावा.

तोवर अर्जदारांनीच काळजी घ्यायला हवी. मुदतीचं काम असेल तर क्रमांक देणारं पोर्टल वापरावं. मजकूर आधी वेगळा लिहून ठेवावा, फॉर्म भरताना स्क्रीनचा फोटो काढावा, मोबाइल नंबर स्वतःचाच द्यावा. त्याच क्रमांकाचा उल्लेख करून कागदपत्रांसह ईमेलही टाकून ठेवावा.

आवकच्या शिक्क्याला गावात किंमत होती, कारण तो दाखवून साहेबाला विचारता येत होतं, "माझ्या अर्जाचं काय झालं?" कागद गेला तरी तो विचारायचा हक्क जाता कामा नये.