इंजिन कामगाराचे, कुलूप कंपनीचे

घरामागच्या गॅरेजमध्ये जुनी मोटार उघडावयाची, तिचे थकलेले इंजिन उतरवावयाचे, भंगारातून मिळविलेले अधिक ताकदीचे इंजिन तिच्या चासीत बसवावयाचे, त्यावर सुपरचार्जर चढवावयाचा आणि अशी नव्याने घडविलेली गाडी रस्त्यावर आणावयाची, हा अमेरिकेतील कष्टकरी तरुणांचा फार जुना नाद आहे. 'हॉट रॉड' या नावाने तो ओळखला जातो. पुरोगामी म्हणविणारी मंडळी या नादाकडे तुच्छतेने पाहतात. पेट्रोल जाळण्याची चैन, पौरुषाचा पोकळ देखावा, उपभोगवादाचे टोक, असे दोन-चार शेरे मारले की त्यांच्या लेखी विषय संपतो. दुसऱ्या बाजूला सुटे भाग विकणारे कारखानदार याच नादाचे व्यक्तिस्वातंत्र्याचे निशाण करून मिरवितात. दोन्ही पक्ष मूळ प्रश्नाला शिताफीने बगल देतात. कामगाराने घडविलेले आणि कामगारानेच विकत घेतलेले यंत्र उघडण्याचा, समजून घेण्याचा व सुधारण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होय.

भंगारातून उभे राहिलेले ज्ञान

हा नाद श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जन्मलेला नाही. १९०८ ते १९२७ या काळात फोर्ड कंपनीने 'मॉडेल टी' जातीच्या दीड कोटी गाड्या बनविल्या. त्या जुन्या झाल्या, भंगारात आल्या आणि १९३० च्या दशकातील महामंदीत, ज्यांना नवी गाडी स्वप्नातही परवडणारी नव्हती अशा पोरांच्या हाती लागल्या. १९३२ साली फोर्डने सामान्य ग्राहकाच्या आवाक्यातील गाडीत प्रथमच आठ सिलिंडरांचे 'व्ही-एट' इंजिन दिले. त्याची ताकद होती ६५ अश्वशक्ती. अपघातात मोडलेल्या गाडीतले हे इंजिन काढून जुन्या, हलक्या गाडीत बसविले की धनिकाच्या महागड्या गाडीला मागे टाकता येते, हे या पोरांनी ओळखले. लॉस एंजेलिसच्या उत्तरेस मुरॉक येथील कोरड्या सरोवराच्या सपाट तळावर ते आपल्या गाड्या पळवीत. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संघटना उभी केली.

सुपरचार्जरची जन्मकथा याहून बोलकी आहे. इंडियाना राज्यातील फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० साली हवा ढकलणाऱ्या एका यंत्राचे पेटंट घेतले. लोखंडाच्या भट्ट्यांना हवा पुरविण्याचे काम त्या यंत्राने केले. पुढे जनरल मोटर्सने १९३८ पासून '७१' मालिकेची टू-स्ट्रोक डिझेल इंजिने बाजारात आणली. या इंजिनांना स्वतःहून हवा ओढता येत नसे, म्हणून त्यांवर याच तत्त्वाचा ब्लोअर असे. ट्रक आणि बस यांत ही इंजिने चालली. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावर सैनिक उतरविणाऱ्या नौकांतही चालली. युद्धानंतर त्यांवरचे ब्लोअर भंगारात सुटे मिळू लागले आणि गॅरेजमधील कारागिरांनी ते पेट्रोल इंजिनावर चढविले. भट्टीतून ट्रकमध्ये, ट्रकमधून नौकेत आणि नौकेतून मोटारीत असा हा प्रवास आहे. त्याचा शेवटचा टप्पा कोणत्याही कंपनीच्या संशोधन विभागाने आखलेला नव्हता.

हे काम पोरखेळ नव्हे. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढील तेवढीच घेते. सुपरचार्जर क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरतो आणि त्याच सिलिंडरात अधिक हवा कोंबतो. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून ताकद अधिक. पण ही ताकद फुकट पदरात पडत नाही. ब्लोअर फिरविण्यात इंजिनाचीच काही शक्ती खर्ची पडते. दाबलेली हवा तापते. मूळचा कॉम्प्रेशन रेशो जास्त असेल तर इंधन अवेळी पेटते आणि पिस्टनला भोक पडण्याची पाळी येते. म्हणून पिस्टन व कनेक्टिंग रॉड मजबूत करावे लागतात, रेडिएटर मोठा घ्यावा लागतो. दुप्पट ताकदीचे इंजिन जुन्या गिअरबॉक्सला आणि मागच्या ॲक्सलला पेलत नाही. ब्रेक जुनेच ठेवले तर ती गाडी चालकाइतकीच रस्त्याने पायी जाणाऱ्याच्याही जिवावर उठते. एक भाग बदलला की साऱ्या गाडीचा विचार नव्याने करावा लागतो. हा विचार करणारा माणूस पुष्कळदा शाळा अर्धवट सोडलेला असतो, पण तो अज्ञानी नसतो.

कारखान्याने हिरावलेले

त्याला हे ज्ञान गॅरेजमध्येच का शोधावे लागले, याचे उत्तर कारखान्यात आहे. १९१३ साली फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्यास प्रारंभ झाला. एका कामगाराने आयुष्यभर एकच बोल्ट आवळावयाचा, अशी ती रचना होती. कामगार इतक्या झपाट्याने काम सोडून जाऊ लागले की १९१४ मध्ये फोर्डला पाच डॉलर रोजाची घोषणा करावी लागली. ज्याला भांडवलदारांचे चरित्रकार औदार्य म्हणतात, ती कंटाळ्याची मोजलेली किंमत होती. तांबटकाम शिकलेला आणि पुढे विचारवंत म्हणून गाजलेला हॅरी ब्रेव्हरमन याने १९७४ साली 'लेबर अँड मोनोपॉली कॅपिटल' या ग्रंथात हीच प्रक्रिया उलगडून दाखविली. विचार करणे व्यवस्थापनाकडे गेले, हात हलविणे तेवढे कामगाराकडे उरले.

दिवसभर असे हात हलविणारा माणूस संध्याकाळी आपल्या गॅरेजमध्ये येतो, तेव्हा आराखडा त्याचा असतो, चूक त्याची असते आणि पूर्ण झालेले कामही त्याचेच असते. या समाधानाला चैन म्हणणाऱ्याने श्रम आणि गुलामी यांतील फरक कधी समजूनच घेतलेला नाही. समाजवादाला माणसाच्या हाताचे हे समाधान परके वाटू लागले तर त्याच्यापाशी कामगाराला सांगण्यासारखे उरले काय?

पेटीत भरलेली कारागिरी

भांडवलशाहीचे वैशिष्ट्य असे की, तिच्या विरोधात उगवलेले गवतही ती कापून बाजारात विकते. २०१५ च्या डॉज चॅलेंजर 'हेलकॅट' गाडीत कंपनीनेच ६.२ लिटरचे सुपरचार्जरयुक्त इंजिन बसविले. त्याची ताकद ७०७ अश्वशक्ती होती. २०१७ मध्ये तेच इंजिन पेटीत भरून 'हेलक्रेट' या नावाने सुटे विकावयास आले. किंमत होती १९,५३० डॉलर. अमेरिकेतील किमान संघीय वेतन २००९ पासून तासाला सव्वासात डॉलर आहे. या दराने राबणाऱ्या मजुराला नुसत्या इंजिनासाठी सुमारे २,७०० तास, म्हणजे आठवड्याला चाळीस तासांच्या हिशेबाने सव्वा वर्षाहून अधिक काळ, अन्नाचा घासही न घेता कमवावे लागेल. भंगारातून उभी राहिलेली विद्या धनिकाच्या दारात पेटीबंद होऊन पोचली, ती अशी.

त्या गाड्या बनविणाऱ्यांचे काय झाले, तेही पाहावे. २०२३ मध्ये कंपनीने 'लास्ट कॉल' म्हणजे 'अखेरची हाक' या नावाने शेवटच्या गाड्या विकल्या. त्यांपैकी 'डीमन १७०' ही विशिष्ट इंधनावर १,०२५ अश्वशक्ती देत होती. कॅनडातील ब्रॅम्पटन येथे त्या बनत. डिसेंबर २०२३ मध्ये उत्पादन थांबले आणि सुमारे तीन हजार कामगार घरी बसले. नवे वाहन येईल, या आश्वासनावर ते थांबले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टेलँटिस या मालक कंपनीने ते वाहन अमेरिकेतील इलिनॉय राज्यात बनविण्याचे जाहीर केले. ग्राहकाच्या आठवणींचा बाजार मांडणाऱ्यांनी कामगाराच्या भाकरीची आठवण ठेवली नाही.

न दिसणारे कुलूप

पूर्वी इंजिन उघडण्यास पाना पुरत असे. आता इंधन किती सोडावयाचे, ठिणगी केव्हा टाकावयाची, हे गाडीतला संगणक ठरवितो. त्यामुळे दुसरे इंजिन किंवा सुपरचार्जर बसविणाऱ्याला त्या संगणकाची भाषा बदलावी लागते आणि नेमके तिथेच कंपनीने कुलूप ठोकले आहे. चित्रपट व गाणी यांच्या चोरीविरुद्ध म्हणून अमेरिकेत १९९८ साली झालेला कायदा या कुलपाच्या रक्षणासाठी पुढे करण्यात आला. २०१५ मध्ये या कायद्यातून वाहनांना सूट देण्याचा प्रश्न आला तेव्हा जनरल मोटर्सने विरोध केला. ट्रॅक्टर बनविणाऱ्या जॉन डीअरने तर असा पवित्रा घेतला की, खरेदीदाराला यंत्रातील आज्ञावली वापरण्याचा केवळ परवाना मिळतो. पैसे मोजले शेतकऱ्याने, कर्ज फेडले शेतकऱ्याने, आणि तरी तो कूळच! जमीनदारी नव्या वेषात परतली आहे, हे सांगण्यास आणखी कोणता पुरावा हवा? त्या वर्षी मर्यादित सूट मिळाली खरी. पण मालकीच्या वस्तूला हात लावण्यासाठी वेळोवेळी सूट मागावी लागते, यातच पराभव आहे.

धूर कोणाचा?

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. इंजिनात फेरफार करणारे सगळेच कारागीर नसतात. पुष्कळजण प्रदूषण रोखणारी साधने काढून फेकतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, त्यापूर्वीच्या सुमारे दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांतील ही साधने निकामी करण्यात आली. महामार्गालगतच्या स्वस्त घरांत राहणारे मजूर आणि त्यांची मुले हा धूर फुफ्फुसात घेतात. या कृत्याला स्वातंत्र्य म्हणणे म्हणजे शेजाऱ्याच्या श्वासावर आपला हक्क सांगणे आहे. मोटारींच्या सुट्या भागांच्या उत्पादकांची 'सीमा' ही संघटना २०१६ पासून शर्यतींच्या रक्षणाचे नाव घेऊन जे विधेयक पुढे रेटीत आली, त्यामागे गॅरेजमधील पोराचे प्रेम किती आणि मालाच्या खपाची चिंता किती, हे ओळखणे अवघड नाही.

परंतु मग कायद्याचा दंडुका सर्वांवर सारखा पडला पाहिजे. फोक्सवॅगन कंपनीने जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत चाचणीपुरता धूर लपविणारी आज्ञावली घातली होती, हे २०१५ मध्ये उघड झाले. पुणेकरांना परिचित असलेल्या कमिन्स कंपनीच्या अमेरिकेतील मूळ संस्थेवर अशाच फसव्या साधनांचा आरोप झाला. ट्रकांची जवळजवळ दहा लाख इंजिने त्या आरोपाच्या कक्षेत होती. दोष मान्य न करता तिने डिसेंबर २०२३ मध्ये १६७ कोटी ५० लाख डॉलर दंड भरण्याचे कबूल केले. कंपनीने कुलूपबंद संगणकात केलेली ही लबाडी बाहेरच्या कोणाला दिसू शकत नव्हती, कारण आत डोकावण्यासच मनाई होती. गुप्ततेने हवा शुद्ध राहते, या युक्तिवादाचा याहून मोठा पराभव कोणता?

कागद तपासावा की गाडी?

मार्ग नाही असे नाही. कॅलिफोर्नियात इंजिन बदलता येते. नवे बसविलेले इंजिन गाडीच्या वर्षाइतके किंवा त्याहून अलीकडचे असावे, त्याची सारी प्रदूषण-नियंत्रक साधने शाबूत असावीत आणि शासनमान्य 'रेफरी'ने गाडी समक्ष तपासावी, असा तेथील नियम आहे. या व्यवस्थेत उणिवा असतील; पण कारागिरावर गुन्हेगाराचा शिक्का न मारता ती त्याच्या कामाची परीक्षा घेते.

भारतातील कायदा मात्र वेगळ्या वाटेने गेला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाचा तपशील उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी बांधून ठेवते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बंधनाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. इंधन बदलण्यासारख्या काही गोष्टींना मुभा आहे. रस्त्यावरील जीव वाचविण्याचा हेतू निर्विवाद आहे. तथापि मूळ मोजमाप कोणते धरले आहे? ब्रेक किती अंतरावर लागतो, धुरात विष किती आहे, हे प्रश्न मागे पडतात आणि उत्पादकाचा कागद हेच प्रमाण ठरते. कंपनीचे वाक्य हाच वेद आणि मिस्त्रीचा हात हा अपराध, अशी ही विभागणी आहे. ज्या देशात मुलगा गॅरेजमध्ये हाताखाली राहून यंत्रविद्या शिकतो, तेथे ही विभागणी वर्णव्यवस्थेची आठवण करून देते.

मागण्या साध्या आहेत. धूर आणि ब्रेक यांची कठोर तपासणी व्हावी आणि ती कंपनीच्या गाडीची व गॅरेजच्या गाडीची सारखीच व्हावी. तपासणी केंद्रे सार्वजनिक असावीत आणि शुल्क मजुराला झेपावे. विकलेल्या प्रत्येक यंत्राची दुरुस्ती-पुस्तिका आणि संगणकाची किल्ली खरेदीदाराच्या हाती द्यावी. शर्यत मैदानावर व्हावी. रस्ता पायी चालणाऱ्याचा आहे.

या मागण्यांना विरोध करणाऱ्यांनी सुरक्षिततेचे नाव घेऊ नये. यंत्र ज्याला उघडता येते त्याला मालकाची लबाडीही दिसते, हीच त्यांची खरी भीती आहे. गॅरेजच्या दारावरचे कुलूप निघाले, तर कारखान्याच्या दारावरच्या कुलपाकडेही उद्या कोणीतरी बोट दाखवील.