घरचा अभ्यास : करणी सोडवा, पडताळा घ्या



नववीच्या बीजगणितात करणी आली की पुष्कळ घरांत आई-वडील हात वर करतात. ट्यूशन परवडत नसेल, तर ‘गणित हिला जमत नाही’ असा शेरा मारला जातो आणि तो मुलीला पुढे कायमचा चिकटतो. म्हणून या महिन्यात आम्ही हाच भाग घेत आहोत.

उदाहरण : √(७२ क्ष⁵ य²) ला सोपे रूप द्या. क्ष धन आहे.

वर्गमूळ काढताना जोड्या शोधायच्या. जोडी जमली की त्यातला एक चिन्हाबाहेर येतो. एकटा उरलेला आतच राहतो. ७२ म्हणजे ३६ × २. ६ बाहेर, २ आत. क्ष पाच वेळा आहे. दोन जोड्यांचा क्ष² बाहेर, एक क्ष आत. य ची एकच जोडी, म्हणून य बाहेर. उत्तर : ६ क्ष² य √(२ क्ष).

आता पडताळा. हे काम गुणाकार येणारी कोणतीही आई करू शकते. क्ष = २, य = ३ ठेवा. मूळ राशीत ७२ × ३२ × ९ = २०७३६; त्याचे वर्गमूळ १४४. उत्तरात ६ × ४ × ३ × √४, म्हणजे १४४. जुळले.

मात्र य = −३ ठेवले तर मूळ राशी १४४ च राहते आणि उत्तर −१४४ येते. √ हे चिन्ह कधीही ऋण संख्या देत नाही. म्हणून य च्या जागी |य|, म्हणजे य चे केवल मूल्य, लिहावे. ‘सर्व अक्षरे धन आहेत’ असे प्रश्नातच दिले असेल, तर नुसते य पुरे.

दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, √(क्ष² + य²) म्हणजे क्ष + य असे मानणे. ३ आणि ४ ठेवा : √२५ = ५, पण ३ + ४ = ७. दुसरी, घातांकाचेच वर्गमूळ घेणे. √क्ष⁴ = क्ष² यात ४ चे निम्मे आणि ४ चे वर्गमूळ दोन्ही २, म्हणून चूक लपते. √क्ष¹⁶ मात्र क्ष⁸ आहे, क्ष⁴ नव्हे. घातांक निम्मा करायचा असतो.

पडताळ्यासाठी ० आणि १ घेऊ नका. त्यांत चुका झाकल्या जातात. एकदा जुळले म्हणजे सिद्ध झाले असे नाही, पण जुळले नाही तर चूक नक्की आहे.

हा विषय आपल्याला परका नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातील ‘अल-जब्र’वरूनच ‘अल्जिब्रा’ हा शब्द आला. अरबीत वर्गमूळाला ‘जज़्र’, म्हणजे झाडाचे मूळ, म्हणतात.

तेव्हा मुलगी अडली तर ‘जमत नाही’ म्हणू नका. ‘संख्या ठेवून बघ’ म्हणा.

या महिन्याचे उदाहरण : √(५० क्ष³ य⁴), क्ष धन. तुमच्या उत्तरात क्ष = २, य = ३ ठेवल्यावर १८० यायला हवेत. इन्शाअल्लाह, येतील.